व्हॉल्व नसलेलं इंजिन

“सर, याचे व्हॉल्व कुठं आहेत?”

तबस्सुम सतारमेकर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकली होती, त्यामुळे तिचा आवाज हंड्यातून आल्यासारखा घुमला. बाकीची सात मुलं माझ्याकडं बघत होती. मी खडूनं पांढरी झालेली बोटं रुमालाला पुसली आणि म्हणालो, “आत असतील. ब्लॉकच्या बाजूला झाकण असतं, ते काढलं की दिसतील.”

“बाजूला झाकण नाहीये सर.”

“नीट बघ.”

ती नीटच बघत होती. मीच बघत नव्हतो. मी गाडीपासून चार हात लांब, फळ्याजवळ उभा होतो.

ही १९८९ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मिरजेच्या एका खाजगी पॉलिटेक्निकात मी ऑटोमोबाइल शिकवत होतो. अकरा वर्षं झाली होती. विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं, आणि इंजिनाचा छेद फळ्यावर मी इतका सुबक काढायचो की मुलं तो पुसायला कचरायची. वर्कशॉपचं काम कुंभार मास्तर बघायचे. मी वरच्या मजल्यावर शिकवायचो, ते खाली खोलून दाखवायचे, आणि आम्ही दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नव्हतो. त्या जूनमध्ये कुंभार मास्तर निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. आणि नोव्हेंबरात ही गाडी आली.

स्वीडनची होती. एरंडोलीच्या वाटेवर एक मिशनचा दवाखाना होता, तिथल्या इंग्रिड नावाच्या स्वीडिश सिस्टरनं ती त्रेसष्ट साली बोटीनं आणवली होती. एकाहत्तरला सिस्टर मायदेशी परत गेली, पाठोपाठ दवाखाना बंद पडला, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये अठरा वर्षं उभी राहिली. विश्वस्तांनी ती कॉलेजला देऊन टाकली. समोरून बघितलं तर बेडकासारखी, मागून बघितलं तर पाण्याच्या थेंबासारखी. नाकावर रोमन अक्षरांत ‘साब’ लिहिलेलं. आमचा शिपाई म्हणाला, “मडमेची गाडी हाय आन नाव साब व्हय!”

प्राचार्य इनामदारांनी मला बोलावून घेतलं. “मगदूम, शेवटच्या वर्षाच्या आठ जणांचा प्रोजेक्ट ही गाडी. मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येतील, तोवर ती चालली पाहिजे. नाही चालली तर आठहीजणांच्या मार्कांवर पाणी. पण तुमच्यासारखा विद्वान माणूस असताना मला काळजी नाही.”

मी मान डोलावली. इनामदारांना माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, की मी आयुष्यात एकही इंजिन स्वतःच्या हातानं खोललेलं नाही. कॉलेजात शिकताना आमच्या गटातली बाकीची मुलं पाना चालवायची आणि मी सगळ्यांचं जर्नल लिहून द्यायचो. माझं अक्षर चांगलं होतं ना. तेव्हापासून तसंच चाललं.

पहिले तीन आठवडे मी व्याख्यानांवर काढले. मुलांकडून आकृत्या काढून घेतल्या. मग आकृत्या संपल्या आणि गाडीला हात लावणं भाग पडलं. इंजिन अडकलेलं होतं, जागचं हलत नव्हतं. मी म्हटलं, गिअरमध्ये टाकून ढकला, चाकं फिरली की इंजिन फिरेल. मुलांनी दोन दिवस वर्कशॉपच्या अंगणात गाडी ढकलली. गाडी सुरेख पळायची. इंजिन ढिम्म. मी जाहीर केलं, “गिअरबॉक्स तुटलेला आहे.” मुलांनी वहीत तसं लिहून घेतलं.

आणि आता हे व्हॉल्व सापडत नव्हते.

“याला व्हॉल्व नसतात, बाळ.”

आवाज दाराकडून आला. दारात एक बाई उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, पांढरी, किनारीची साडी, वर तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. त्या कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. पुढं म्हणाल्या, “आणि गिअरबॉक्सला काय झालेलं नाही. काल ढकलताना मी कुंपणाबाहेरून बघत-ऐकत होते. खालची मूठ ओढल्याबिगर ती अशीच पळते.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले.

“आपण कोण?”

“मी सुवार्ता आवळे. दवाखान्यात नर्स होते. गाडी हितं आणली म्हणून कळलं, म्हटलं बघून यावं.”

“बाई,” मी म्हणालो, “हे कॉलेज आहे. इथं वर्ग चालू आहे.”

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. राग नव्हता त्यात. तापानं बरळणाऱ्या पेशंटकडं बघावं तसं पाहिलं, आणि “बरं बरं” म्हणून निघून गेल्या.

मी माझी खुर्ची ओढली. थोड्या वेळानं तबस्सुमनं, मला न विचारता, इंजिनाच्या डोक्यावरचे नट सोडायला सुरुवात केली. दोन मुलांनी हात लावला, हेड उचललं गेलं. आत तीन सिलिंडर. हेडमध्ये खरोखरच व्हॉल्व नव्हते, टॅपेट नव्हते, काही नव्हतं. पितळी तांब्याच्या बुडासारखे तीन गुळगुळीत खळगे. आणि सिलिंडरच्या भिंतींना आयताकृती खिडक्या होत्या.

“सर, ही भोकं कसली?”

मी जवळ गेलो. ती टू-स्ट्रोक इंजिनाची दारं होती. एका बाजूनं पेट्रोलमिश्रित हवा आत येते, दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर जातो. पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो आणि मिटतो. व्हॉल्वची गरजच नसते. हे मला अकरा वर्षं पाठ होतं. हे चित्र मी फळ्यावर पन्नास वेळा तरी काढलं असेल, रंगीत खडूंनी, बाणांसकट. मिरजेतल्या अर्ध्या मोटरसायकली याच तऱ्हेवर चालत होत्या. आणि ते चित्र लोखंडात इतके दिवस माझ्यापुढं उभं होतं, तरी मला ओळखता आलं नव्हतं.

“आज इथंच थांबू,” मी म्हणालो आणि वर स्टाफरूममध्ये जाऊन बसलो.

रविवारी सकाळी मी सुवार्ताबाईंचं घर शोधत गेलो. मिशन हॉस्पिटलच्या मागं, दोन खोल्यांचं, अंगणात पपईचं झाड. बाई पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सोलत होत्या म्हणजे सोलायचा प्रयत्न करत होत्या. संधिवातानं त्यांची बोटं बाहेरच्या बाजूला वळली होती, आणि एकेका शेंगेशी झटापट चालली होती.

“या सर,” त्या म्हणाल्या, जणू मी यायचाच होतो. “बसा. खुर्ची आत हाय, आणा तुम्हीच.”

मी पायरीवरच बसलो. माफीचं एक वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते घशातच राहिलं. त्याऐवजी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत हे सगळं?”

“गाडीचं? अहो, तिचा ड्रायव्हर सहा महिन्यांत पळाला. म्हणाला, ही गाडी म्हंजे शहाण्या माणसाचं काम न्हाई. मग बंद पडली की कोण बघणार? बाळंतीण तिकडं वाट बघत असायची. सिस्टरकडं एक पुस्तक होतं, त्यांच्या भाषेतलं. त्या उन्हात छत्री घेऊन उभ्या राहायच्या आणि मला मोडक्यातोडक्या मराठीत वाचून दाखवायच्या. मी हात घालायची. त्या म्हणायच्या, सुवार्ता, तुझे हात बाळाला बाहेर काढतात, हे तर लोखंड आहे, ते ओरडत पण नाही.” बाई हसल्या. “आठ वर्षांत तीनदा इंजिन उघडलं मी. एकदा तर जतच्या रस्त्याला, बाभळीखाली.”

मी एक शेंग उचलली आणि सोलू लागलो. दुसरी उचलली. मग म्हणालो, “बाई, मला येत नाही. मी कधी केलेलंच नाही. अकरा वर्षं शिकवतोय, पण हातानं कधी केलं नाही.”

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी मान हलवली. “ते दिसत होतं, सर. तुम्ही गाडीपासनं लांब उभं होता. भिणारा माणूस जनावरापासनं लांब उभा राहतो तसं.”

“तुम्ही याल का? शिकवायला?”

“येईन की. पण माझी बोटं बघा. पाना धरता येत न्हाई मला आता. मी बोलणार आणि हात तुम्ही घालायचा. पोरं तर घालतीलच, पण आधी तुम्ही.”

“चालेल.”

“आणि आज मला सांगितलं ते पोरांना सांगायचं. माझी माफीबिफी काही नको मला. पण मी तिथं येऊन बोलायला लागले, की पोरं एक डोळा माझ्यावर ठेवणार आणि एक तुमच्यावर. आता सर काय म्हणतात, सरांना राग आला का. असं ऑपरेशन होत न्हाई. एकानं खोटं बोललेलं असलं की सगळ्यांचे हात थरथरतात.”

सगळे वाल सोलून होईपर्यंत मी तिथं बसलो. उठताना त्यांनी निम्मे दाणे कागदाच्या पुडीत बांधून दिले. “घरी द्या. उसळ करतील.”

सोमवारी वर्कशॉपमध्ये मी फळ्याकडं पाठ करून उभा राहिलो. सुवार्ताबाई स्टुलावर बसल्या होत्या. आठ जणांची आठ तोंडं माझ्यासमोर. त्यातली काही मी तीन वर्षं बघत होतो.

“गेल्या आठवड्यात मी तुम्हाला दोन चुकीच्या गोष्टी सांगितल्या,” मी म्हणालो. “गिअरबॉक्स तुटलेला नाही. आणि या इंजिनाला व्हॉल्व नसतात. दोन्ही गोष्टी मला माहीत नव्हत्या. मी आजवर एकही इंजिन खोललेलं नाही. मला पुस्तकातलं येतं, हातातलं येत नाही. सुवार्ताबाईंना येतं. आपण सगळे त्यांच्याकडून शिकायचं. मीसुद्धा.”

मी दिवसातून दोन-दोन तास बोलणारा माणूस, पण या एवढ्या वाक्यांनी माझा शर्ट पाठीला चिकटला. कुणी खाली बघत होतं, कुणी वर. मला वाटलं, संपलं. आता ही पोरं पुन्हा माझ्या तासाला वही उघडणार नाहीत.

मग तबस्सुम म्हणाली, “सर, मग आधी बाह्या वर करा. शर्ट पांढरा आहे.”

हशा पिकला. मीही हसलो. बाह्या वर केल्या.

पुढचे तीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. सुवार्ताबाई दुपारी दोनला यायच्या, स्टूल गाडीच्या नाकाशी ओढून बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी डॅशबोर्डखालची एक मूठ दाखवली. “ही आत असली की गाडी सायकलीसारखी. उतारावर पायडल न मारता सायकल पळते का न्हाई? तशी. इंजिनाला पत्ताच लागत न्हाई. ओढून ठेवली की मग चाक आणि इंजिन एकमेकाला बांधलेलं.” मुलांनी वहीतलं माझं गिअरबॉक्सचं वाक्य खोडलं. मी ते बघितलं, आणि काही वाटलं नाही याचंच नवल वाटलं.

अडकलेल्या पिस्टनवर आम्ही रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलं. रोज थोडं ओतायचं, रोज मुरू द्यायचं. बाई म्हणायच्या, “घाई केली की पिस्टनवरची कडी तुटेल. बाळंतपणात घाई करत न्हाईत.” नवव्या दिवशी मूठ ओढली, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि सगळ्यांनी मिळून हळूच रेटा दिला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि तिन्ही पिस्टन केसभर हलले. तबस्सुमनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सातही मुलं ओरडली. मी ओरडलो ते मला नंतर कळलं.

माझ्या हातून एक बोल्टही मोडला. आवळता आवळता मुंडकं सटकन तुटून हातात आलं. मी घामाघूम. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “मोडला? बरं झालं. एक मोडल्याशिवाय हाताला कळत न्हाई किती आवळायचं ते.” तो राहिलेला तुकडा बाहेर काढायला मला दोन दिवस लागले. कुणाला मी तो काढू दिला नाही.

प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट मोजायची पत्ती आमच्याकडं होती, पण ती गंजलेली. बाईंनी पिशवीतून जुन्या एक्स-रे फिल्मची एक पट्टी काढली. “ही दुमडून घाला. जेमतेम सरकली पाहिजे. आम्ही अशीच करायचो.” ती पट्टी उजेडात धरली तर तिच्यावर कुणाच्या तरी बरगडीचं टोक होतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते औषधाच्या काचेच्या मापानं, लिटरला तीस मिली, डोळ्यापाशी धरून, जसा कफ सिरपचा डोस.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. इतका निळा धूर झाला की वरच्या मजल्यावरून इनामदार रुमाल नाकाला लावून धावत आले. आवाज मोटारीसारखा नव्हताच. तीन मोटरसायकली भांडत असाव्यात तसा, फटफटता, मस्तीखोर. “हे बरोबर आहे का?” इनामदारांनी विचारलं. “अगदी बरोबर,” मी म्हणालो. मला ते माहीत होतं.

परीक्षा पार पडली. बाहेरच्या परीक्षकांनी अंगणात दोन चकरा मारल्या, मुलांना उलटसुलट प्रश्न विचारले आणि आठहीजणांना चांगले मार्क दिले. सुट्टी लागली. मी बाईंना विचारलं, “तुमच्यासाठी काय करू?”

“काही नको. एकदा एरंडोलीला न्या मला हिच्यातून. तिथली दोन-तीन पोरं माझ्या हातची. त्यांना पोरं झालीत म्हणे.”

एप्रिलातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होतो, शेजारी तबस्सुम, मागं सुवार्ताबाई. बाईंनी त्या दिवशी डोक्यात अबोली माळली होती. शहर सुटलं, द्राक्षांचे मांडव सुरू झाले. गाडी मजेत चालली होती. पाच-सहा मैल गेलो असू, आणि ती आचके देऊ लागली. एकदा, दोनदा, आणि रस्त्याच्या कडेला शांत उभी राहिली.

मी मागं वळून बघितलं. “बाई?”

“माझी पाठ धरलीय,” त्या म्हणाल्या. “मी जरा त्या लिंबाखाली बसते.” तबस्सुमनं त्यांना हात धरून नेलं, सतरंजी अंथरून दिली. त्या टेकून बसल्या आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी बॉनेट उघडलं. आधी ठिणगी. तबस्सुमनं स्टार्टर मारला, मी प्लग काढून लोखंडाला टेकवून धरला. ठिणगी निळी, ठणठणीत. मग पेट्रोल. पंपाकडून येणारी नळी सोडली, थेंब नाही. म्हणजे टाकी ते पंप यामध्ये कुठंतरी. पंपावर काचेची एक वाटी असते; ती सोडली तर तळाशी चहाच्या गाळासारखा लाल गंज. अठरा वर्षांची टाकी. आम्ही ती धुतली होती, पण पुरती नाही. जाळी काढून पुसली, नळीला तोंड लावून ओढली. पेट्रोल तोंडात आलं, थुंकलो, पुन्हा ओढली.

रस्त्यानं बैलगाडीवाला चालला होता, तो थांबला. “काय मास्तर, जमतंय का?”

“जमतंय,” मी म्हणालो.

मी हे कुणाकडंही न बघता म्हणालो होतो. वाटी बसवली, हातानं आवळली. किती आवळायची ते बोटांना कळलं. तबस्सुमला म्हटलं, “मार.” दुसऱ्या झटक्याला गाडी फटफटली.

पुढं मी सत्तावीस वर्षं त्या कॉलेजात होतो. इनामदारांना सांगून दुसऱ्याच वर्षी वर्कशॉपचे तास मी मागून घेतले. सुवर्णपदकवाल्यानं तेल-वंगणात हात घालायचे म्हणून स्टाफरूममध्ये थोडी कुजबुज झाली, ती विरली. तबस्सुम पुण्याच्या एका कारखान्यात लागली, इंजिन तपासणीच्या विभागात. आता तीही निवृत्तीला आली आहे. पण मला तो लिंबच आठवतो.

गाडी सुरू झाली तेव्हा तबस्सुम आनंदानं पळत बाईंकडं गेली आणि अर्ध्यातच थबकली. मागं वळून तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी इंजिन बंद करून गेलो. सुवार्ताबाईंना झोप लागली होती. वरवरची डुलकी नव्हे, चांगली गाढ. मान एका खांद्यावर, तोंड किंचित उघडं, वाकड्या बोटांचे हात मांडीवर उताणे. आमची खटपट सुरू झाली तेव्हापासूनच त्या झोपल्या असाव्यात. म्हणजे त्या आमच्याकडं बघतच नव्हत्या.

“उठवू?” तबस्सुमनं हळूच विचारलं.

“राहू दे.”

आम्ही दोघं बांधावर बसलो. तिनं घरून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या. माझे हात काळे होते, तशाच हातांनी मी खाल्ल्या. पेट्रोलचा वास, गंजाची चव, त्यात भाजल्या शेंगा. ऊन चढत होतं. अर्ध्या तासानं बाई जाग्या झाल्या. त्यांनी आधी अबोली चाचपली, मग आमच्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. काय बिघडलं होतं ते त्यांनी विचारलं नाही. गाडी सुरू झाली का, हेही विचारलं नाही.

“चला,” त्या पदर झटकत उठल्या. “इतका वेळ बसवलंत व्हय मला? तिकडं पोरं वाट बघत असतील.”